पाच वर्षे कुलूपबंद

मार्च महिना आला की आमच्या कचेरीत कुणाला मान वर करायला सवड नसते. वर्षाचा हिशेब मिटवायचा, न वापरलेली रक्कम परत करायची, पुढल्या वर्षाच्या तरतुदीचे कागद टाईप करून वर पाठवायचे. वीसेक वर्षे मी हेच करतो आहे. एखाद्या सदरापुढे रक्कम नसली की आम्ही इंग्रजीत 'निल' टाकतो. पत्रादेवीचा नाका ओलांडून पलीकडे गेले की तिथल्या कचेऱ्यांत 'निरंक' लिहितात. शब्द कुठलाही असो, तो लिहिताना हात कधी अडखळत नाही. शून्यच ते, त्यात विचार करण्यासारखे काय आहे?

मध्यंतरी पाटोवरच्या सेंट्रल लायब्ररीत अमेरिकेतल्या शाळांच्या इतिहासावरचे एक पुस्तक हाती लागले. माझा बी.ए.चा विषय इतिहास, त्यामुळे असली पुस्तके दिसली की हात आपोआप जातो. त्यात व्हर्जिनिया राज्यातल्या प्रिन्स एडवर्ड नावाच्या काउंटीची हकिगत होती. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला तालुका समजा. या काउंटीच्या मंडळाने १९५९ साली सरकारी शाळांच्या सदरापुढे असेच शून्य लिहिले. लाठीमार नाही, गोळीबार नाही. पैसे नाहीत म्हणून शाळा उघडली नाही, एवढेच. आणि ती पाच वर्षे उघडली नाही. तेव्हापासून ते शून्य माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रिन्स एडवर्ड काउंटी व्हर्जिनियाच्या दक्षिण भागात आहे. तंबाखूची शेती, लहान लहान वस्त्या आणि मध्ये फार्मव्हिल हे मुख्य गाव. अमेरिकेच्या यादवी युद्धाच्या अखेरीस, एप्रिल १८६५ मध्ये, दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ली आपले थकलेले सैन्य घेऊन याच फार्मव्हिलमधून मागे हटला आणि दोनच दिवसांनी जवळच्या ॲपोमॅटॉक्स येथे त्याने शरणागती पत्करली. गुलामगिरी संपली. त्याआधी याच व्हर्जिनियात कृष्णवर्णीयांना एकत्र जमवून लिहायला-वाचायला शिकवणे हा १८३१ च्या कायद्याने गुन्हा होता. म्हणजे कायदा आणि शाळा यांचे भांडण तिथे जुनेच.

गुलामगिरी गेली तरी वेगळेपण गेले नाही. १८९६ साली सर्वोच्च न्यायालयाने प्लेसी खटल्यात निकाल दिला की गोऱ्यांची आणि काळ्यांची सोय वेगवेगळी असायला हरकत नाही, मात्र ती सारखी असावी. वेगळी पण समान. यातले 'वेगळी' तेवढे सगळ्यांनी नेमके पाळले, 'समान' कागदावर राहिले. आपल्याकडे एका पाणवठ्यावर सर्वांना पाणी भरू न देणाऱ्यांनीही कधी 'तुम्हांला पाणीच नको' असे म्हटले नव्हते. 'तुमचे तिकडे भरा' एवढेच म्हटले होते.

फार्मव्हिलमध्ये कृष्णवर्णीय मुलांसाठी १९३९ साली एक हायस्कूल बांधले गेले. रॉबर्ट रुसा मोटन यांचे नाव त्याला दिले होते. मोटन याच काउंटीत वाढले आणि बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या मागून टस्कीगी संस्थेचे प्रमुख झाले. इमारत होती १८० मुलांसाठी. १९५० च्या सुमारास मुले झाली साडेचारशेच्या वर. व्यायामशाळा नाही, जेवणाची खोली नाही, प्रयोगशाळा नाही. पालकांनी नव्या इमारतीची मागणी लावून धरली तेव्हा मंडळाने शाळेच्या आवारात लाकडी सांगाड्यावर डांबरी कागद ठोकून खोपटी उभी केली. येणारेजाणारे विचारत, इथे कोंबड्या पाळल्यात का? पावसात छप्पर गळे, मुले छत्री उघडून वर्गात बसत. थंडीत मधोमध एक शेगडी. तिच्याजवळचे भाजून निघत, लांबचे अंगातला कोट काढत नसत. बस, पुस्तके, बाके ही बहुतेक गोऱ्यांच्या शाळेने वापरून टाकलेली.

तरी शिक्षक चांगले होते, हे आवर्जून सांगायला हवे. डोरोथी व्हॉन या गणिताच्या बाई इथेच शिकवत. १९४३ साली त्या इथून लँग्ली येथील विमानविद्येच्या संशोधन केंद्रात आकडेमोड करायला गेल्या, आणि पुढे अंतराळयुगात त्यांचे नाव झाले. शाळा गळकी होती, शिकवणारे गळके नव्हते.

या शाळेत बार्बरा जॉन्स नावाची सोळा वर्षांची मुलगी होती. आई वॉशिंग्टनला नोकरीला, त्यामुळे धाकट्या भावंडांचे सगळे हिच्याकडे. एके सकाळी त्यांना बसपर्यंत पोहोचवून, विसरलेला डबा आणायला ती घरी धावली आणि तिची स्वतःची बस चुकली. रस्त्यावर ती ताटकळत असताना गोऱ्या मुलांच्या शाळेची बस समोरून गेली. निम्मी रिकामी. तिला बसा म्हणणे शक्यच नव्हते. तो कायदा होता. शाळेच्या दशेबद्दल तिने आपल्या संगीताच्या बाईंकडे पूर्वी कुरकुर केली होती. बाईंनी उलट विचारले होते, मग तूच का काही करत नाहीस? तो प्रश्न आणि ती रिकामी बस या दोन गोष्टी तिच्या मनात एकत्र आल्या.

२३ एप्रिल १९५१. मुख्याध्यापकांना फोन आला की तुमची मुले बसस्थानकावर गोंधळ घालताहेत, पोलीस त्यांना धरतील, लगेच या. ते धावले. फोन मुलांनीच केला होता. त्यांच्या पाठीमागे वर्गावर्गांत चिठ्ठ्या गेल्या की सगळ्यांनी सभागृहात जमावे. पडदा सरला तर व्यासपीठावर मुख्याध्यापकांच्या जागी बार्बरा. तिने शिक्षकांना बाहेर जाण्याची विनंती केली, पायातला बूट काढून बाकावर आपटला आणि बोलू लागली. भाषण संपले तेव्हा साडेचारशे मुले शाळेबाहेर पडली. संप दोन आठवडे चालला.

मुलांनी मागितले होते काय? चांगली इमारत, एवढेच. रिचमंडहून ऑलिव्हर हिल आणि स्पॉट्सवुड रॉबिन्सन हे वकील आले ते खरे तर मुलांना समजावून परत वर्गात पाठवायला. पण मुलांचा निर्धार पाहून त्यांना नाही म्हणवेना. त्यांनी एकच अट घातली. नवी इमारत मागायची नाही. वेगळेपणाच रद्द करा, असे मागायचे. आईबापांना विचार करावा लागला, कारण जमीन गोऱ्यांची, नोकरी गोऱ्यांची, बँक गोऱ्यांची. फार्मव्हिलचे पाद्री रेव्हरंड फ्रान्सिस ग्रिफिन यांच्या चर्चमध्ये सभा झाली आणि लोकांनी होकार दिला. २३ मे १९५१ ला दावा दाखल झाला. ११७ मुले फिर्यादी. यादीत पहिले नाव नववीतल्या डोरोथी डेव्हिसचे, म्हणून खटला 'डेव्हिस' या नावाने ओळखला जातो. मुख्याध्यापकांची नोकरी गेली. शाळेच्या आवारात क्रूस जाळला गेला. बार्बराच्या जिवाला धोका दिसू लागला तेव्हा घरच्यांनी तिला अलाबामात, मॉण्टगोमरीला काकांकडे पाठवले. हे काका म्हणजे व्हर्नन जॉन्स. तिथल्या ज्या चर्चचे ते पाद्री होते, तिथेच त्यांच्या मागून मार्टिन ल्यूथर किंग नावाचा तरुण पाद्री आला.

खालच्या न्यायालयात मुले हरली. मंडळाने घाईघाईने नवी कोरी इमारत बांधली, १९५३ मध्ये ती उघडलीही. आता तरी गप्प बसा, असा त्याचा अर्थ. पण दावा वर गेला होता. कॅन्सस, दक्षिण कॅरोलिना, डेलावेअर इथले असेच दावे त्याला जोडले गेले आणि सगळ्यांना मिळून कॅन्ससच्या दाव्याचे नाव पडले: ब्राउन विरुद्ध शिक्षण मंडळ. १७ मे १९५४ रोजी सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांनी नऊही न्यायाधीशांच्या एकमताचा निकाल वाचला. शाळेत वंशावरून केलेली फाळणी ही मुळातच असमानता आहे, ती घटनेत बसत नाही. त्या पाच खटल्यांपैकी मुलांच्या संपातून जन्मलेला खटला हा एकच.

आपल्या पाठ्यपुस्तकांत गोष्ट इथे संपते. निकाल लागला, अन्याय गेला. कचेरीत काम करणाऱ्या माणसाला मात्र ठाऊक असते की निकालाची प्रत टेबलावर येते तेव्हा गोष्ट सुरू होते. पुढच्या वर्षी, ३१ मे १९५५ ला, अंमल कसा करायचा याचा दुसरा निकाल आला. त्यात तारीख नव्हती. विचारपूर्वक पण त्वरेने करा, अशा अर्थाचा एक शब्दप्रयोग होता. ज्यांना करायचे नव्हते त्यांनी 'विचारपूर्वक' उचलले आणि 'त्वरेने' सोडून दिले. आठवते ना ते 'वेगळी पण समान'? कायद्यातल्या दोन शब्दांपैकी सोयीचा शब्द निवडायची ही सवय जुनीच!

व्हर्जिनियाचे सिनेटर हॅरी बर्ड यांनी १९५६ मध्ये 'प्रचंड प्रतिकारा'ची हाक दिली. राज्याने कायदे केले की जिथे गोरी आणि काळी मुले एकत्र बसतील ती शाळाच बंद. १९५८ मध्ये नॉरफोक, शार्लट्सव्हिल अशा ठिकाणी शाळा खरोखर बंद झाल्या. जानेवारी १९५९ मध्ये न्यायालयांनी ते कायदे रद्द केले आणि राज्याने माघार घेतली. सगळीकडे शाळा उघडल्या. प्रिन्स एडवर्ड सोडून.

इथल्या मंडळाचा युक्तिवाद ऐका. सरकारी शाळा असेल तर ती सर्वांना खुली हवी, असे न्यायालय म्हणते. ठीक आहे. पण सरकारी शाळा असलीच पाहिजे, असे कुठे म्हटले आहे? अमेरिकेच्या राज्यघटनेत शिक्षणाचा हक्क असा शब्दच नाही, आणि १९७३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एका वेगळ्या खटल्यात शिक्षण हा घटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही असे स्पष्टच म्हटले. शाळा हा राज्यांचा आणि स्थानिक मंडळांचा विषय, त्यांच्या करावर चालणारा. तेव्हा मंडळाने जून १९५९ मध्ये शाळांसाठी कर बसवायचे आणि पैसे द्यायचे नाकारले. सप्टेंबरात सगळ्या सरकारी शाळांना कुलूप लागले, सहा वर्षांपूर्वी बांधलेल्या त्या नव्या हायस्कूललासुद्धा. कागदोपत्री भेदभाव काहीच नाही, गोऱ्यांची शाळा बंद आणि काळ्यांचीही बंद! फरक इतकाच की गोऱ्या मुलांसाठी प्रिन्स एडवर्ड अकॅडमी ही खाजगी शाळा तयार होती. आधी चर्चच्या आणि क्लबांच्या खोल्यांत वर्ग भरले, मग स्वतःची इमारत झाली. तिला देणगी दिली की करात सूट, आणि फीसाठी सरकारी अनुदान. म्हणजे एका दाराने शून्य, दुसऱ्या दाराने अनुदान. हे आदेश कुणीतरी टाईप केले असतील, कुणीतरी जावक क्रमांक घातला असेल. त्या माणसाचे नाव इतिहासात नाही. पण मला तोच राहून राहून आठवतो.

सतराशेच्या आसपास कृष्णवर्णीय मुले रस्त्यावर आली. काही गरीब गोरी मुलेही फीअभावी घरी बसली. ज्यांचे नातेवाईक बाहेरगावी होते ती तिकडे गेली. कुणी शेजारच्या काउंटीत पडके घर भाड्याने घेऊन तिथला पत्ता दाखवला. मोठ्या मुलांपैकी काहींना नॉर्थ कॅरोलिनातल्या किट्रेल कॉलेजने सामावून घेतले. क्वेकर पंथाच्या संस्थेने काही मुलांना दूरच्या राज्यांत अनोळखी कुटुंबांकडे शिकायला ठेवले. मागे राहिलेल्यांसाठी चर्चच्या तळघरांत दिवसाचे थोडे तास अक्षरओळख चाले. उरलेली मुले तंबाखूच्या शेतात गेली. दहा वर्षांचे मूल शेतात गेले आणि पंधराव्या वर्षी शाळा उघडली, तर ते परत येते का?

या साऱ्या प्रकरणातली मला सर्वांत जड वाटणारी गोष्ट पुढेच आहे. शाळा बंद झाल्यावर काही महिन्यांत गोऱ्या पुढाऱ्यांनी प्रस्ताव ठेवला की कृष्णवर्णीय मुलांसाठीही आम्ही खाजगी शाळा काढून देतो, अर्ज करा. मुलांचे वर्ष वाचले असते. पण ती घेतली की वेगळेपण आपणच मान्य केले, आणि खटला संपला. जवळजवळ कुणीही अर्ज केला नाही. ग्रिफिन पाद्री लोकांना धीर देत होते, आणि त्यांची स्वतःची मुलेही घरीच होती. दावा पुढे चालला तो त्यांच्याच मुलांच्या नावाने. तत्त्वासाठी आपण काही सोसावे, हे समजते. पण आपल्या सात वर्षांच्या पोराचे अक्षर त्यासाठी गहाण टाकावे का? तेव्हा मोठी झालेली काही माणसे पुढे अभिमानाने बोलली, काही कडवटपणे. मी दोघांनाही चूक म्हणू शकत नाही.

१९६३ च्या सप्टेंबरात, केनेडी सरकारच्या पुढाकाराने, देणग्यांतून एका वर्षासाठी 'मोफत शाळा' उघडल्या. पंधराशेच्या घरात मुले आली. दहा-अकरा वर्षांची मुले आयुष्यात प्रथमच वर्गात बसत होती. कुणाला पेन्सिल कशी धरायची ते माहीत नव्हते. शेवटी २५ मे १९६४ ला सर्वोच्च न्यायालयाने ग्रिफिन खटल्याचा निकाल दिला. न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी लिहिले की सावकाशीची वेळ आता संपली आहे. एकीकडे सरकारी शाळा बंद करायच्या आणि दुसरीकडे वेगळेपणा पाळणाऱ्या खाजगी शाळांना सरकारी पैसा पुरवायचा, हा समान संरक्षणाच्या हक्काचा भंग आहे. आणि शाळा चालवण्यासाठी कर बसवा, असा हुकूम न्यायालय मंडळाला देऊ शकते. दोन न्यायाधीशांना शाळा उघडायला लावण्याचा हा अधिकार पटला नव्हता, पण बहुमत झाले. शून्य खोडायचा अधिकार न्यायालयाने स्वतःकडे घेतला. संपाला तेरा वर्षे झाली होती.

सप्टेंबर १९६४ मध्ये कुलपे निघाली. गोरी मुले हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी आली, बाकीची अकॅडमीतच राहिली. तिथे कृष्णवर्णीय मुलांना दार उघडायला १९८० चे दशक उजाडले.

आता माझ्याविषयी थोडे. माझी आई सत्तरीची आहे. पेडणे तालुक्यातल्या तिच्या वाड्यावर पोर्तुगीज अमदानीत शाळा नव्हती. देवळाच्या ओसरीवर एक मास्तर अधूनमधून मुलग्यांना मराठी शिकवत, मुलींनी दुरून ऐकायचे. गोवा १९६१ च्या डिसेंबरात मुक्त झाला, दोन वर्षांनी भाऊसाहेब बांदोडकरांचे सरकार आले आणि खेडोपाडी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. तिच्या वाड्यावर शाळा आली ती १९६४ साली. तेव्हा ती बारा वर्षांची होती. सहा वर्षांच्या धाकट्या भावाबरोबर ती पहिलीत बसली. 'पाय बाकाखाली मावत नसत,' ती सांगते. चौथी झाली आणि घरच्यांनी बस म्हटले, कारण मुलगी मोठी दिसू लागली होती. आजही ती वर्तमानपत्र बोट ठेवून, ओठ हलवत वाचते. लहानपणी मला त्याची लाज वाटायची. फार्मव्हिलची त्याच १९६४ सालची हकिगत वाचताना मला ते बाकाखाली न मावणारे पाय दिसू लागले. तिथे शाळा होती, ती काढून घेतली. इथे नव्हतीच. दोन्हींची बरोबरी करण्याचा माझा विचार नाही. पण वर्षे गेली की ती मुलाचीच जातात, हे दोन्हीकडे सारखे.

मराठी माणसाचे या गोष्टीशी एक जुने नातेही आहे. जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या सदाचारी लोकांना अर्पण केले. फुल्यांना वाटले की तिकडची गाठ सुटली, आता इकडची सुटावी. तिकडची गाठ त्यानंतर नव्वद वर्षांनीही सुटायची होती, हे त्यांना कळायला मार्ग नव्हता. पण नेमके कुठे घाव घालायचा, हे त्यांना बरोबर कळले होते. १८८२ साली हंटर आयोगापुढे त्यांनी आधी मागितले ते प्राथमिक शिक्षण, सर्वांसाठी. आपल्या राज्यघटनेत तो हक्क यायला २००२ ची दुरुस्ती आणि २००९ चा कायदा लागला. तरी आला. प्रिन्स एडवर्डच्या मंडळाचा तो युक्तिवाद आता आपल्याकडे कुणाला करता येणार नाही, ही काही लहान गोष्ट नव्हे.

बार्बरा जॉन्स पुढे ग्रंथपाल झाली, संसार केला आणि १९९१ साली, फारसा गाजावाजा न होता गेली. मग दिवस फिरले. जुन्या मोटन शाळेचे संग्रहालय झाले. २००३ मध्ये व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने शाळा बंद ठेवल्याबद्दल खेद व्यक्त केला आणि शिक्षण हुकलेल्यांना त्याच वर्षी मानाच्या पदविका देण्यात आल्या. २००४ मध्ये त्यांच्यासाठी शिष्यवृत्ती सुरू झाली. पन्नाशी-साठीची माणसे अर्ज भरून वर्गात जाऊन बसली. डिसेंबर २०२० मध्ये वॉशिंग्टनच्या संसदभवनातून व्हर्जिनियाने सेनापती लीचा पुतळा हलवला आणि त्याच्या जागेसाठी निवड केली बार्बराची. फार्मव्हिलमधून हरत गेलेल्या सेनापतीच्या जागी फार्मव्हिलची शाळकरी पोर.

पुतळा होतो, ठराव होतो, शिष्यवृत्तीही मिळते. आठव्या वर्षी शिकायचे ते आठव्या वर्षी मात्र परत मिळत नाही.

आपल्या गोव्यात पटसंख्येअभावी सरकारी मराठी प्राथमिक शाळा एकेक करून बंद पडल्या आहेत. कारणे निराळी आहेत, त्यांत आपण पालकही आलो. मी कुणावर ठपका ठेवत नाही. पण गेल्या मार्चमध्ये एका सदरापुढे 'निल' टाईप करताना मी थांबलो आणि ती फाईल उघडून पाहिली. कुलपे आणि टाळ्यांच्या खरेदीचे सदर होते. काही बिघडणार नव्हते. 'निल' टाकले आणि कागद पुढे पाठवला. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने विचारले, एवढे काय बघत होता? मी म्हटले, काही नाही, खात्री करून घेत होतो.